पाडव्याच्या गाड्या

बॅटरी संपली म्हणून माझे सासरे गेले, असं कंपनी म्हणते. तसा अहवालच आहे तिचा, गुळगुळीत कागदावर छापलेला. मी फलटणच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि मी सांगते, ती बॅटरी संपलेली नव्हती. तिला बंद केलं होतं, आणि कधी बंद करायचं ते गाडी हातात दिली तेव्हाच ठरलेलं होतं.

मी रागावून लिहितेय, हे मला माहीत आहे. आमचे प्राचार्य म्हणाले, मॅडम, शांत डोक्याने लिहा. शांत डोक्याने जे लिहायचं ते कंपनीने आधीच लिहून टाकलंय. माझ्या वाट्याला रागच उरला.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची आणि सासूबाईंना आत्या म्हणते. आमच्याकडे तशीच रीत आहे. यंदाचा पाडवा होऊन थोडेच दिवस झाले होते. सकाळी मामा अंगणात तोंड धुता धुता छातीला हात लावून खाली बसले. माझा नवरा तुषार शोरूमला गेला होता. मी ट्रस्टच्या दवाखान्याला फोन केला, आणि ॲम्ब्युलन्स घेऊन आला तो माझा सख्खा धाकटा भाऊ धनाजी. तोच तिथला ड्रायव्हर. आपलं माणूस आलं म्हणून मला हायसं वाटलं.

धनाजीने आणि शेजारच्या जगतापांनी मामांना स्ट्रेचरवर घेऊन मागे चढवलं. आत्या त्यांच्याजवळ बसल्या. मागचं दार लागलं, कुलूप पडल्याचा आवाज आला, धनाजी पुढे जाऊन बसला आणि त्याच्यासमोरचा स्क्रीनचा पडदा काळा झाला. त्याने बटण दाबलं. परत दाबलं. गाडी ढिम्म. तो उडी मारून मागे आला, तर मागचं दार उघडेना. ते विजेवर उघडणारं दार. हाताने उघडायची एक कळ होती, नाही असं नाही, पण ती आतल्या बाजूला, बरोबर स्ट्रेचरच्या खाली. कोणत्या शहाण्याने ती तिथे ठेवली ते देव जाणे.

आत्या आतून काचेवर थापा मारत होत्या. त्यांचा आवाज बाहेर येत नव्हता, तोंड फक्त दिसत होतं. धनाजीने पान्याने काच फोडली, हात रक्ताने माखला, आणि मामांना त्या खिडकीतून ओढून जगतापांच्या टेम्पोत घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी मामांचं मनगट धरलं आणि थोड्या वेळाने सोडून दिलं. "जरा आधी आणलं असतं तर," ते म्हणाले. डॉक्टर असं वाक्य सहज बोलून पुढच्या पेशंटकडे जातात. घरच्यांना ते जन्मभर पुरतं.

आता थोडं शास्त्र सांगते. त्याशिवाय कंपनीचा डाव कळायचा नाही.

इलेक्ट्रिक गाडीत बॅटऱ्या दोन असतात, हे गाडी घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना ठाऊक नसतं. गाडी ओढते ती मोठी, तळाला पसरलेली, शेकडो व्होल्टची. एवढा दाब उभ्या गाडीत मोकळा ठेवणं धोक्याचं, म्हणून गाडी बंद झाली की मोठी बॅटरी बाकीच्या गाडीपासून तोडून ठेवतात. तिला परत जोडायचं काम रिले करतात; रिले म्हणजे विजेने ओढला जाणारा स्विच. आणि त्या रिलेला वीज देते ती दुसरी, छोटी बॅटरी. बारा व्होल्टची, बुटांच्या खोक्याएवढी. कुलपं, दिवे, पडदा, गाडीचे सगळे कॉम्प्युटर तिच्याच जिवावर. म्हणजे मोठीत पुण्याला जाऊन यायची वीज भरलेली असली, तरी छोटी गप्प बसली की गाडीचं पत्र्याचं कपाट होतं.

पूर्वी ही छोटी बॅटरी शिशाची असायची. इंजिन फिरवायचं नाही, मग ही जास्त टिकेल, असं लोकांना वाटायचं, पण तसं घडायचं नाही. इलेक्ट्रिक गाडी उभी असतानाही झोपत नाही. तिचे कॅमेरे जागे, अँटेना जागी, ती सारखी कंपनीशी बोलत असते. छोटी बॅटरी उतरते, मोठीकडून भरून घेते, परत उतरते. शिशाच्या पाट्यांवर पांढरा थर साचत जातो आणि काही वर्षांत ती मान टाकते. मग सोडियमची बॅटरी आली. तिच्यातलं रसायन असं, की आतल्या पाटीला तडा गेला तर ते स्वतःच तो बुजवून टाकतं. प्रयोगशाळेत ती थकेचना. कंपनीने वाजतगाजत जाहिरात केली, की गाडी भंगारात जाईल पण ही बॅटरी जाणार नाही. ट्रस्टच्या ॲम्ब्युलन्समध्ये हीच होती.

आणि कंपनीचा अहवाल म्हणतो, ड्रायव्हरने गाडी उभी असताना पंखा आणि दिवे चालू ठेवले, त्यामुळे सहायक बॅटरी पूर्ण उतरली. सबब, मानवी निष्काळजीपणा. खाली सही आणि शिक्का.

ज्या पोलीस तक्रारीवर हा अहवाल चिकटवला ती तक्रार माझ्या नवऱ्याने दिलेली आहे. तुषार त्याच कंपनीच्या शोरूममध्ये गाड्यांच्या डिलिव्हरीचं काम बघतो. कंपनी खोटं बोलते हे त्याच्या मनात येणंच शक्य नव्हतं. बाप गेलेला, आणि हातात शिक्क्याचा कागद. त्याने माझ्या भावाचं नाव लिहून दिलं. धनाजीला अटक झाली, जामीन झाला, दर सोमवारी ठाण्यात हजेरी लागली आणि दवाखान्यातली नोकरी गेली.

आमच्याकडे तेराव्याला सुनेच्या माहेरच्यांनी दुखवट्याचा आहेर करायचा असतो, मुलाला टोपी-टॉवेल आणि सासूला लुगडं. आमचे आई-वडील नाहीत, तेव्हा आहेर घेऊन यायचं ते धनाजीनेच. तो आला. हाताला बँडेज, बगलेत पिशवी. सगळी भावकी मांडवात बसलेली.

तुषार उठून फाटकापर्यंत गेला. "पाव्हणं, ती पिशवी घेऊन तसंच मागं फिरा."

"दाजी, एवढं आत्यांच्या पायावर घालू द्या. मग जातो."

"पंखा लावून झोपायचं होतं तर घरी झोपायचं. माझ्या बापाला न्यायच्या गाडीत कशाला?"

धनाजी पिशवी सावरून मागे फिरला. मी आत्यांकडे पाहिलं. त्या जमिनीकडे बघत बसल्या होत्या, जणू फाटकापाशी कोणी आलंच नाही. मी तशीच उठून त्याच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेले. भावकीत कुजबुज झाली ती मला ऐकू आली.

"आक्का, मी झोपतो गं पंखा लावून," धनाजी म्हणाला. "दवाखान्याच्या आवारात एक झाड न्हाई. उन्हाचं काय करावं? त्या दिवशी लावला व्हता का न्हाई, मला आठवंना झालंय. आता तर वाटतं, लावलाच आसंल."

खरं सांगते, मलाही क्षणभर तसंच वाटलं. माझाच भाऊ, आणि मला वाटलं. शिक्क्याच्या कागदाची ही ताकद असते.

पण त्या तेरा दिवसांत एक गोष्ट माझ्या कानावरून जात होती आणि मी ती ऐकत नव्हते. घरी भेटायला माणसं यायची. आलं की आधी पाणी, मग मामांच्या आठवणी, आणि मग उशीर का झाला ते. औषधाचे दुकानदार रणवरे रिक्षाने आले. म्हणाले, गाडीच बंद पडली हो, बॅटरी गेली. कुलकर्णी सर चालत आले, त्यांचंही तेच. मामांचे मलठणातले साडू एसटीने आले, त्यांचंही तेच. सर्व्हिस सेंटरला रांग लागलीय, नव्या बॅटऱ्या पुण्याहून यायच्यात, असं प्रत्येक जण सांगायचा आणि चहाचा कप खाली ठेवायचा. बॅटरी म्हटली की जायचीच, ही आपल्याला जुनी सवय. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभी राहिले आणि फळ्यावर काहीतरी लिहिता लिहिता थांबले. रणवरे दिवसभर तालुका पालथा घालतात. कुलकर्णी सरांची गाडी आवरणाखाली झोपलेली असते, नातवंडं आली की बाहेर निघते. आणि दोघांची बॅटरी एकाच दिवशी गेली? मामा गेले त्याच दिवशी? वस्तू झिजून संपते तेव्हा ती प्रत्येकाकडे वेगवेगळ्या वेळी संपते. परीक्षेला बसलेली मुलं एकामागून एक पेपर देऊन उठतात. सगळी एकदम उठली तर समजावं, की बेल झाली.

मग बेल कसली? दोघांच्या गाड्या कधी घेतलेल्या, ते मला ठाऊकच होतं, कारण त्या सोहळ्याला मी स्वतः हजर होते. फलटणात गाडी घ्यायची तर पाडव्याला. आणि दवाखान्याच्या ट्रस्टींनीसुद्धा ॲम्ब्युलन्सला पाडव्याचाच मुहूर्त धरला होता. शोरूम मागच्या मैदानात मांडव घालते, गाड्या ओळीने उभ्या राहतात, बोनेटवर हार, चाकाखाली लिंबं, आणि मुहूर्ताची वेळ झाली की सगळ्या गाड्या एकदम सुरू करतात. टाळ्या, पेढे. तीन वर्षांपूर्वीच्या पाडव्याला असंच सगळं एका मिनिटात झालं होतं. पाडवा तिथीने मागेपुढे होतो, पण तारखेने मोजलं तर मामा गेले त्या सकाळी त्या मिनिटाला बरोबर तीन वर्षं भरली होती.

माझ्या कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या देवयानी मॅडम मुहूर्त मानत नाहीत. त्यांनी हीच गाडी त्याच वर्षी पितृपक्षात घेतली, कारण तेव्हा गर्दी नसते. त्यांची गाडी मजेत चालत होती.

मोठ्या शहरांत रोज चार गाड्या विकल्या जातात, म्हणून तिथे रोज चार बंद पडत असणार. कोणाला काय कळणार? कंपनीच्या थंडगार ऑफिसात बसून ज्याने हे घड्याळ लावलं, त्याला हे माहीत नव्हतं की इथे एक अख्खं गाव एका मिनिटाला किल्ली फिरवतं.

कुलकर्णी सरांची बॅटरी मी मागून घेतली. नवी यायची होती म्हणून जुनी अजून गाडीतच होती. कॉलेजच्या लॅबमध्ये देवयानी मॅडमनी तिचं झाकण उघडलं. बाहेरच्या टोकांवर मीटर लावला, तर शून्य. मेलेलीच. पण टोकं आणि आतले सेल यांच्या मध्ये एक हिरवी पट्टी होती, तिच्यावर चिप. पट्टी ओलांडून थेट सेलना मीटर लावला आणि काटा असा झपकन वर गेला, की मॅडम म्हणाल्या, "अगं बाई, ही तर धडधाकट आहे!"

आम्ही गाडीच्या हेडलाइटचा बल्ब जोडला. मुलांचं अख्खं प्रॅक्टिकल झालं तरी तो जळत होता. आणखी एक गोष्ट सापडली, तिने माझं डोकं फिरलं. चिपने कुलपांची वीज तोडली होती, रिलेची तोडली होती, दिव्यांची तोडली होती. एक बारीक तार तेवढी चालू ठेवली होती, ती अँटेनाची. गाडी मालकासाठी मेली होती, कंपनीसाठी जिवंत होती.

माझ्या आत्या आतून काच बडवत होत्या, तेव्हा ती ॲम्ब्युलन्स कंपनीशी बोलत होती! आतल्या माणसांना दार उघडून द्यायला तिच्याकडे वीज नव्हती, चहाड्या करायला होती.

जी वस्तू संपत नाही ती परत विकता येत नाही, एवढाच काय तो प्रश्न. शास्त्रज्ञांनी न मरणारी बॅटरी शोधून काढली, आणि कंपनीने तिच्यासाठी मरण शोधून काढलं. मी विज्ञान शिकवते याची मला त्या दिवशी लाज वाटली.

घरी येऊन मी मोबाइलवरचा व्हिडिओ तुषारपुढे ठेवला. त्याने तो पाहिला. परत पाहिला.

"ही सरांच्या गाडीची बॅटरी आहे," तो म्हणाला. "ॲम्ब्युलन्सची नाही."

"ती पोलिसांनी सील करून ठेवलीय. मला कोण हात लावू देणार?"

"मग धनाजीने पंखा लावला नव्हता कशावरून? सरांच्या गाडीत काहीतरी बिघाड असेल. म्हणून तुझा भाऊ सुटतो का?"

"एकाच दिवशी सगळ्या गाड्या, तुषार. सगळ्या पाडव्याच्या. घड्याळ सुरू कधी होतं? गाडी पहिल्यांदा चालू होते तेव्हाच ना?"

त्याने मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाला, "मुहूर्त साधायचा म्हणून टॅबवर एकच बटण असतं. सगळ्या गाड्या एकदम. ते मीच दाबतो." आणि आपल्या अंगठ्याकडे बघत राहिला. मला त्याची दया आली आणि संतापही आला. दोन्ही एकदम येतात, नवऱ्याच्या बाबतीत तर हमखास.

"यंदाच्या पाडव्यालाही दाबलंस," मी म्हणाले. "आता अक्षय्य तृतीयेला परत दाबशील."

"मी वर कळवतो. एखाद्या इंजिनिअरची चूक असेल. कंपनी एवढी नीच नाही."

"चूक इतकी वक्तशीर नसते."

त्याने माझा व्हिडिओ भाबडेपणाने मुख्य ऑफिसला पाठवला. आभाराचा एक गोड निरोप आला. सर्व्हिस सेंटरला तोंडी हुकूम आला, की बॅटऱ्या बदलणं तूर्त थांबवा. बस. आत्या हे सगळं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून ऐकत होत्या. तेराव्यापासून घरात त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, आणि तुषारशीही जेवणापुरतंच.

पुढच्या सोमवारी धनाजीच्या हजेरीला मी त्याच्याबरोबर ठाण्यात गेले. तपास करणाऱ्या फौजदार निर्मला काळुखे मॅडमनी त्याच दिवशी आत्यांना जबाबासाठी बोलावलं होतं, म्हणून तुषार त्यांना घेऊन आला होता. आम्ही चौघं ठाण्याच्या व्हरांड्यात, दोघं या बाकावर आणि दोघं त्या. समोर आवारात कडुलिंबाच्या झाडाखाली ती ॲम्ब्युलन्स. खिडकीची काच फुटलेली, दारांवर लाखेचं सील, पत्र्यावर धुळीचा थर. आत्या तिच्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

"आक्का, एक सांगायचं हाय," धनाजी हळूच म्हणाला. "मी सही केली."

"कशावर?"

"पंखा मीच लावला व्हता म्हणून. कंपनीचं सायेब घरी आलं व्हतं. म्हणलं, कबूल केलंस तर शिक्षा कमी लागंल. नवी नोकरी बी बघू. आन् तुझ्या भनीचं घर मोडायचं वाचंल."

"अरे, पण तू लावला होतास का?"

"आठवत न्हाई म्हणलं ना. आन् लावला नसला तरी काय, माझ्यापायी तू दाजींशी भांडत ऱ्हानार. तुला तिथं नांदायचंय."

माझ्यासाठी. कंपनीने माझ्या संसाराची भीती घालून माझ्या भावाकडून गुन्हा लिहून घेतला होता. मी त्याच्या दंडाला धरून गदागदा हलवलं. लोक बघत होते, बघू देत.

तेवढ्यात तो साहेबच मॅडमच्या खोलीतून बाहेर आला. निनाद प्रभुदेसाई, पुण्याच्या ऑफिसातला. इस्त्रीचा शर्ट, आवाज साखरेत घोळलेला. तुषारला पाहून त्याने हात पुढे केला. "बरं झालं भेटलात. तुमचा व्हिडिओ टीमने बघितला. छान काम केलंत वहिनी. तुमच्या ग्राहकांच्या गाड्यांमध्ये सॉफ्टवेअरची बारीकशी चूक निघाली. आज दुपारपासून सगळ्या आपोआप सुरू होतील. घरबसल्या, बॅटरी न बदलता. सर्व्हिस सेंटरला यायची गरजच नाही."

"आणि ॲम्ब्युलन्स?" मी विचारलं.

"तो विषय वेगळा आहे. तिथे बॅटरी खरोखरच उतरली होती. ड्रायव्हरने स्वतः कबूल केलंय. लेखी दिलंय मॅडमकडे."

तुषार मान खाली घालून उभा होता. त्याचा फोन वाजला. त्याने स्पीकर लावला नव्हता, तरी पलीकडच्या रणवऱ्यांचा आवाज आम्हाला ऐकू आला, "तुषारराव, गाडी चालू झाली! हातसुद्धा लावला नाही!" तो फोन ठेवतो न ठेवतो तोच दुसरा आला. मग तिसरा.

"बघा," निनाद हसला. "सगळे खूश."

"कुठल्या कुठल्या गाड्यांना पाठवलंत हे?" मी विचारलं.

"त्या पाडव्याच्या बॅचला. एक-एक कोण शोधत बसणार? सुरू झाल्याची वेळ सगळ्यांची एकच आहे ना, तीच टाकली. एकदम सगळ्यांना."

"सगळ्यांना?"

तो पुन्हा हसणार होता. ते हसू अर्ध्यावर राहिलं आणि त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. त्याच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. मी वळले.

लिंबाखालच्या ॲम्ब्युलन्सचे दिवे लागले होते. आधी पुढचे, मग छतावरचा निळा. भर दुपारी तो निळा दिवा गरागरा फिरायला लागला आणि हजेरीला आलेली माणसं उठून उभी राहिली. आतला पडदा उजळला. फुटक्या खिडकीतून एका बाईचा गोड आवाज आला, रेकॉर्ड केलेला. "नमस्कार. गाडी प्रवासासाठी तयार आहे. सहायक बॅटरी उत्तम स्थितीत आहे."

मग मागच्या दाराचं कुलूप खट् करून उघडलं. लाखेचं सील तडकलं आणि दार आपोआप बाहेर आलं.

काळुखे मॅडम धावत बाहेर आल्या. "कोणी हात लावला गाडीला?"

"कोणीच नाही, मॅडम," पहाऱ्यावरचा हवालदार म्हणाला. "मी इथंच उभा आहे."

मी तिथूनच बोलायला लागले. माझा आवाज चढला होता, तो चढू दिला. "मॅडम, आत जाऊन पडद्यावर बघा. छोटी बॅटरी किती भरलेली आहे ते तिथे लिहिलेलं असतं. ही गाडी इथे आल्यापासून कोणी चार्ज केलेली नाही. पंख्याने उतरलेली बॅटरी झाडाखाली उभी राहून भरत नाही."

मॅडम गेल्या, वाकून पडदा पाहिला, हवालदाराला पाहायला लावला. परत आल्या तेव्हा त्यांनी निनादकडे बघितलं. "चारांतल्या तीन हिश्श्यांहून जास्त भरलेली आहे. तुम्ही फोन खाली ठेवा आणि इथेच थांबा. पंच बोलवा रे दोन."

निनाद फोनवर कुणाला तरी सांगत होता, ताबडतोब बंद करा, ती एक बंद करा. तो फोन हवालदाराने त्याच्या हातातून काढून घेतला.

तुषार पायरीवर बसला होता. मग उठला आणि मॅडमसमोर जाऊन उभा राहिला. "माझी तक्रार बदलून घ्या. या माणसाविरुद्ध काही नाही माझं." त्याने धनाजीकडे हात केला, पण मान वर करून बघायचं धाडस त्याला झालं नाही. "आणि गाड्या सुरू करायचं बटण मी दाबलंय, तेही लिहा. कुठल्या मिनिटाला, तेही सांगतो."

"तुमची नोकरी जाईल," निनाद म्हणाला. साखर संपली होती.

"जाऊ दे."

धनाजी अजून बाकावरच बसून होता, बँडेजचा हात मांडीवर घेऊन. "म्हंजी मी पंखा..." तो म्हणाला. मी त्याच्याजवळ बसले. तो रडला, आणि मीही. इतके दिवस त्याने स्वतःलाच खुनी ठरवून टाकलं होतं, कारण एका छापील कागदाने तसं सांगितलं होतं. याची भरपाई कोणतं कोर्ट करणार आहे, ते मला कोणीतरी सांगा.

आत्या उठल्या तेव्हा आमचं लक्ष नव्हतं. त्या चालत लिंबाखाली गेल्या होत्या. उघड्या दाराला त्यांनी हात लावला, जरासं ढकललं, परत ओढलं. दार अगदी हलकं, बोटाने हलत होतं. आत स्ट्रेचर होतं तसंच होतं. निळा दिवा फिरतच होता आणि ती बाई थोड्या थोड्या वेळाने प्रवासासाठी तयार असल्याचं सांगत होती.

आत्या परत आल्या. धनाजीसमोर थांबून त्यांनी त्याच्या बँडेजवर तळवा ठेवला. मग निनादसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याच्या खांद्यालाही लागत नव्हत्या.

"आत्ता उघडलं व्हय रं दार?" त्यांनी विचारलं. "आमचं मालक आत व्हतं, मी हात दुखंस्तोवर बडवत व्हते, तवा का न्हाई उघडलं?"

"आजी, ते सिस्टिममध्ये..." निनाद म्हणाला.

"शिष्टिमला न्हाई इचारत," आत्या म्हणाल्या. "तुला इचारती."